गोड खाल्ल्यावर लागणारी तहान: साधी कोणती आणि तपासायला हवी ती कोणती

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. वय ३६, वजन थोडं जास्त, वडिलांना मधुमेह. श्रीखंड, गुलाबजाम, बासुंदी असं काही पोटभर खाल्लं की पुढचे दोन-तीन तास तहान भागत नाही, लिटर-सव्वा लिटर पाणी सहज जातं. उपाशीपोटीची साखर ९४ आली. घरचे म्हणतात ही मधुमेहाची सुरुवात आहे. मित्र म्हणतात, साखर पाणी ओढतेच, सगळ्यांनाच तहान लागते. यातलं खरं कोणतं आणि अशा वेळी पाणी प्यावं की नाही, हे तुम्हाला हवं आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गोडाने तहान का लागते, हा शरीराच्या नेहमीच्या कामकाजाचा प्रश्न आहे. तुमची तहान आजाराची आहे का, हा तुमच्यापुरता प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर कुठेतरी वाचून दुसऱ्याबद्दल निर्धास्त झालेली माणसं मला दवाखान्यात नेहमी भेटतात. साध्या तहानेने रात्रभर झोप उडालेलीही भेटतात. म्हणून दोन्ही वेगवेगळे घेतो. मी फिजिशियन आहे आणि मधुमेहाचे रुग्ण हे माझं रोजचं काम आहे. पण तुम्हाला मी तपासलेलं नाही, तुम्ही कोणती औषधं घेता हे मला माहीत नाही, त्यामुळे काही गोष्टी "असं असेल तर" अशाच सांगाव्या लागतील.

आधी थोडक्यात सांगतो. निरोगी माणसाला गोड खाल्ल्यावर जी तहान लागते ती बहुतांशी तोंडात आणि आतड्यात तयार होते. रक्तातल्या साखरेचा तिच्यात वाटा लहान असतो. ती तास-दोन तासांत जाते. मधुमेहाची तहान किडनीपासून सुरू होते: आधी लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं आणि मग तहान लागते. म्हणून "तुम्ही किती पाणी पिता" यापेक्षा "तुम्ही लघवीला किती जाता, आणि रात्री उठावं लागतं का" हे मी रुग्णाला आधी विचारतो.

आता तोंडापासून सुरुवात करू. कैरीचा कीस साखरेत कालवून ठेवला की थोड्या वेळात त्याला पाणी सुटतं. साखरांबा केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. कैरीच्या पेशींबाहेर साखरेचं प्रमाण जास्त, आत कमी, म्हणून पाणी आतून बाहेर येतं. गुलाबजामचा पाक वजनाने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त साखर असतो. तो जिभेवर, टाळ्यावर, घशाच्या मागच्या भागावर पसरतो तेव्हा तिथल्या नाजूक आवरणाच्या बाबतीत थोड्या प्रमाणात हेच घडतं. लाळ दाट होते, चिकटते, घसा ओढल्यासारखा वाटतो. मधात तर साखर ८० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून नुसता चमचाभर मध घेतला तरी घशात खरखर जाणवते.

पदार्थाचा पोतही इथे महत्त्वाचा आहे. बेसनाचा लाडू भाजलेल्या कोरड्या पिठाचा असतो. ते पीठ तोंडातली लाळ शोषून घेतं. पेढा आणि बर्फी यांतल्या खव्याचा तुपकट थर जिभेवर बसतो. बासुंदीत साखर भरपूर असली तरी तिच्यासोबत दुधातलं पाणीही पोटात जातं. त्यामुळे एक लाडू खाऊन माणूस लगेच पाण्याचा तांब्या शोधतो आणि वाटीभर बासुंदी पिऊन तितक्या घाईने शोधत नाही. साखरेचा आकडा सारखा असला तरी तहान सारखी लागत नाही, याचं हे एक कारण.

ही तोंडातली तहान ओळखायला सोपी आहे. गोड खाल्ल्यावर पाणी पिण्याऐवजी दोन-तीन वेळा चांगली चूळ भरून थुंका आणि पाच-दहा मिनिटं थांबा. पाण्याची ओढ बरीचशी गेली, तर ती तोंडाचीच होती. माझ्याकडे "गोड खाल्लं की फार तहान लागते" म्हणून येणाऱ्या अनेकांचा प्रश्न इथेच संपतो. ज्यांच्या तोंडाला मुळात कोरड असते त्यांना हे जास्त जाणवतं: तोंडाने श्वास घेऊन झोपणारे, तंबाखू-मिश्री लावणारे, सर्दी-ॲलर्जीसाठी सेटिरिझिनसारखी गोळी रोज घेणारे, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन चालू असलेले. तुमच्या औषधांत असं काही असेल तर डॉक्टरांना ते सांगा.

चूळ भरूनही तहान राहिली, तर पुढचं ठिकाण आतडं. आपल्या रक्तातल्या द्रवात विरघळलेल्या पदार्थांचं एक ठरलेलं प्रमाण असतं, किलोमागे साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं एकक). ते १ ते २ टक्के वाढलं तरी मेंदूतल्या तहानेच्या पेशींना कळतं आणि आपण पाणी मागतो. आता हिशोब करा. १०० ग्रॅम साखर या पातळीला आणायची तर तिला जवळजवळ एक लिटर पाणी लागतं. तुम्ही जेव्हा आग्रहाला मान देऊन श्रीखंडाच्या दोन-तीन वाट्या संपवता तेव्हा ७०-८० ग्रॅम साखर पोटात जाणं अवघड नाही, आणि तिच्याबरोबर पाणी मात्र थोडंसंच गेलेलं असतं. इतका दाट माल लहान आतड्याच्या सुरुवातीला आला की तिथली भिंत रक्तातलं पाणी आत सोडते आणि तो पातळ करते. साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात तेव्हा कणांची संख्या दुप्पट होते, पाण्याची मागणी आणखी वाढते.

हे सगळं एकदम झालं तर माणूस चक्कर येऊन पडेल. तसं होत नाही, कारण जठर हा माल थोडा थोडा पुढे सोडतं. आतड्याला दाटपणा जाणवला की जठराचा वेग आणखी कमी होतो. ज्यांच्या जठराचा भाग शस्त्रक्रियेने काढला आहे किंवा लठ्ठपणासाठी बायपास झाला आहे, त्यांच्यात ही अडवणूक राहत नाही. अशा माणसाने पेलाभर उसाचा रस रिकाम्या पोटी घेतला तर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात गुडगुड, चक्कर सुरू होऊ शकते. डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात. आतड्यात पाणी ओढलं जातं ही कागदावरची कल्पना नाही, हे या रुग्णांकडे पाहिलं की पटतं. तुमच्या-माझ्यात तेच फार सौम्यपणे होतं, थोडी तहान आणि थोडं जड वाटणं एवढ्यावर भागतं. शिवाय हे पाणी शरीराबाहेर गेलेलं नसतं. साखर शोषली जाते तसं तेही परत रक्तात येतं. म्हणून निरोगी माणसाची ही तहान फार काळ टिकत नाही.

या ठिकाणी थोडं थांबून एक गोष्ट सांगायला मला आवडते, कारण तिच्यामुळे साखर आणि पाणी यांचं नातं नीट कळतं. आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आत घेणारी एक वाट आहे. तिच्यातून ग्लुकोज एकटा जात नाही, सोबत सोडियम घेऊन जातो, आणि या दोघांच्या मागून पाणी जातं. कॉलरा झालेल्या माणसातही ही वाट बहुधा शाबूत असते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून असंख्य माणसं वाचवली. आजच्या ओआरएसमध्ये लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि त्याचा एकूण दाटपणा २४५, म्हणजे रक्तापेक्षा थोडा कमी असतो. तीच साखर पातळ असताना, मिठाच्या जोडीने, पाणी शरीरात घेऊन जाते आणि पाकासारखी दाट असताना आधी पाणी आतड्यात ओढून घेते. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आपल्याकडे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या एकत्र ठेवतात. खडा लहान आणि पाणी भरपूर, हे प्रमाण मला शहाणपणाचं वाटतं. गुळातही मुख्यतः साखरच असते, त्यामुळे "गूळ खाल्ला तर तहान लागत नाही" असं मात्र समजू नका.

कोल्ड्रिंकने तहान का भागत नाही, हेही यातच आलं. त्यात १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या पुढे साखर असते आणि मीठ जवळजवळ नसतं. ते जठरात रेंगाळतं, पाण्याइतक्या लवकर शोषलं जात नाही, आणि तोंडाला गोड चिकटपणा ठेवून जातं. उन्हातून येऊन पहिला पेला नेहमी साध्या पाण्याचा किंवा पातळ ताकाचा असावा, असा माझा आग्रह असतो.

आता रक्ताकडे येऊ. "साखर रक्तात वाढते, रक्त घट्ट होतं, म्हणून तहान लागते" हे स्पष्टीकरण सगळीकडे मिळतं. निरोगी माणसाच्या बाबतीत ते अपुरं आहे. समजा जेवणाआधी साखर ९० होती आणि जेवणानंतर १४० झाली. या ५० मिलिग्रॅमने रक्ताचा दाटपणा तीनपेक्षाही कमी मिलिऑस्मोलने वाढतो, म्हणजे जेमतेम एक टक्का. त्यातही महत्त्वाचं असं की, इन्सुलिन नीट काम करत असेल तर ग्लुकोज पेशींच्या आत जातो. तहानेच्या पेशी आक्रसतात त्या बाहेर अडकून राहणाऱ्या पदार्थामुळे, आत जाणाऱ्यामुळे नाही. निरोगी स्वयंसेवकांच्या शिरेतून दाट मिठाचं पाणी दिलं तर त्यांना कडकडून तहान लागते. दाट ग्लुकोज दिलं तर तशी लागत नाही. इन्सुलिन कमी पडलं की चित्र पालटतं. मग ग्लुकोज बाहेरच अडकतो आणि मिठासारखा वागतो.

संशोधनात यकृतातल्या एका संप्रेरकाचाही उल्लेख येतो, एफजीएफ२१. माणसाने साखर, विशेषतः फ्रुक्टोज, घेतल्यावर त्याची रक्तातली पातळी काही तासांत वाढते, आणि उंदरांमध्ये तो पाणी पिण्याची इच्छा वाढवतो. अभ्यास म्हणून हे मोलाचं आहे, पण रोजच्या सल्ल्यात मी त्यावर काही उभं करत नाही.

मिठाचं नाव निघालंच आहे, तर तुमच्या प्रश्नातल्या एका मोठ्या संशयिताकडे वळतो. तुम्ही श्रीखंड एकटं खात नाही. सोबत पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, लोणचं, पापड. लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर मसालेभात आणि मठ्ठा. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी, भजी, कुरडई. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सणाच्या एका जेवणात माणूस त्याच्या जवळ पोचू शकतो. मीठ पेशींबाहेर राहतं, पाणी धरून ठेवतं, आणि ती तहान खरी असते, कित्येक तास चालणारी असते. पण आपल्या लक्षात राहतं ते गोड, कारण ते खास असतं आणि शेवटपर्यंत जिभेवर राहतं. तुमची तहान दोन-तीन तास टिकते असं तुम्ही म्हणता, तेव्हा माझा पहिला अंदाज गोडाबरोबरच्या मिठाकडे जातो.

हे घरच्या घरी पडताळता येतं. एका सुट्टीच्या दिवशी नेहमीची वाटीभर बासुंदी नुसती खा, सोबत खारट काही नको, आणि पुढच्या तीन तासांत किती पाणी प्यालात ते मोजा. दुसऱ्या दिवशी तेच सणाचं जेवण गोडाशिवाय घ्या आणि तसंच मोजा. बाटली एकच ठेवा, म्हणजे अंदाज चुकणार नाही. उन्हाळ्यात आणि थंडीत फरक पडेल, एसीत बसून आणि मांडवात फिरून फरक पडेल. म्हणून दोन्ही दिवस शक्य तितके सारखे असू द्या.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. किडनीतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातली साखर जवळजवळ सगळी परत घेतली जाते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ही परत घेण्याची क्षमता संपू लागते. उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी सोबत नेते. लघवी जास्त, वारंवार, रात्रीही. जिथे ती सुकते तिथे मुंग्या जमतात. खेड्यातली वयस्क माणसं आजही ही खूण सांगत येतात आणि ती बरोबर असते. शरीरातलं पाणी असं खरोखर बाहेर गेलं की तहान लागते, आणि ती गोड खाण्याशी बांधलेली नसते. पहाटे तीनला उठून तांब्याभर पाणी पिणाऱ्याने रात्री गोड खाल्लेलंच असतं असं नाही.

एप्रिल-मे महिन्यात मला याची विशेष काळजी वाटते. तिशी-चाळिशीचा माणूस येतो, थकवा म्हणतो, वजन उतरलंय म्हणतो. तहान विचारली तर म्हणतो, "ऊन किती आहे, डॉक्टर, लागणारच." तहान लागते म्हणून तो दिवसातून तीन-चार वेळा रसवंतीवर थांबतो, नाहीतर कोल्ड्रिंकची मोठी बाटली जवळ बाळगतो. त्या गोडाने साखर आणखी वाढते, लघवी आणखी होते, तहान आणखी वाढते. महिनाभर हे चाललेलं असतं आणि घरात सगळ्यांनी ते उन्हावर आणि लग्नातल्या जेवणांवर ढकललेलं असतं. बोटातून थेंब घेऊन पाहिलं तर साखर ४०० च्या पुढे. तहान आणि वजन घटणं हे दोन्ही एकत्र दिसलं की ऋतू कोणताही असो, त्याच दिवशी साखर बघायची.

मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच कडकपणे पाळावं. "हल्ली फार गोड खातो, म्हणून पाणी पितो" असं आई सांगते; ती गोड बंद करते आणि आठवडा वाट बघते. मुलांमधला टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, आणि गोड बंद केल्याने थांबत नाही. त्याला इन्सुलिनच लागतं. बरेच महिने अंथरूण कोरडं ठेवणारं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, खाऊनही बारीक होतंय, तर ग्लुकोमीटरने साखर पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, सुस्ती ही लक्षणं सुरू झाली असतील तर दवाखान्यात नव्हे, थेट रुग्णालयात जायचं. त्यावेळी प्रत्येक तासाला किंमत असते.

तुमच्याकडे परत येतो. उपाशीपोटी ९४ ही चांगली बातमी आहे, पण तेवढ्याने पूर्ण उत्तर मिळत नाही. आपल्याकडे अशी बरीच माणसं आहेत ज्यांची उपाशीपोटीची साखर ठीक असते आणि जेवणानंतरची मात्र वर जाते. तुम्ही ३० च्या पुढचे आहात, वजन जास्त आहे, वडिलांना मधुमेह आहे. इतकं असलेल्या माणसाला तहान असो वा नसो, मी पूर्ण तपासणी सांगतोच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख लोक असावेत असा अंदाज आला. उंबरठ्यावरच्या माणसाला बहुधा काहीच त्रास होत नसतो, तहानही लागत नसते. तो फक्त तपासणीत सापडतो.

दोन तपासण्या करा. एक एचबीए१सी, जिला लोक तीन महिन्यांची साखर म्हणतात. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा वर मधुमेह, मधलं उंबरठ्यावरचं. रक्तात लोह कमी असेल किंवा थॅलेसेमियाचा वारसा असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघून घ्या. दुसरी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पिऊन दोन तासांनी घ्यायची साखर. १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ उंबरठा, २०० किंवा वर मधुमेह. रात्रभर उपाशी राहून जायचं, ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायचं, दोन तास तिथेच बसून राहायचं. चहा नाही, बिडी-सिगारेट नाही, फेऱ्या मारणं नाही. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. तपासणीच्या भीतीने भात-पोळी सोडून गेलात तर निकाल उगाच वाईट येऊ शकतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एक भाकड समजही दूर करतो: तपासणीआधी भरपूर पाणी प्यायल्याने साखर धुऊन जात नाही. साखर १८० च्या आत असताना किडनी ती बाहेर टाकतच नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची एक नोंद न्या. दिवसा लघवीला किती वेळा, रात्री झोपेतून किती वेळा, आणि एकूण पाणी अंदाजे किती लिटर. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा वडिलांच्या गोळ्यांतली एखादी तुम्ही "प्रतिबंधक" म्हणून घेत असाल, तर तेही लिहा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीतून काढतात, त्यांनी लघवी आणि तहान दोन्ही वाढतात. हे मी कल्पनेने सांगत नाही. वडिलांची गोळी मुलगा घेतोय असं खरंच घडतं.

पाण्याबद्दल विचारलंत. निरोगी माणसाने गोडानंतर पाणी प्यावं, खुशाल प्यावं. शरीर ज्यासाठी मागतंय तेच ते काम करतं, शिवाय दातांवरची साखर निघून जाते. फक्त सव्वा लिटर एका बैठकीत घटाघटा ओतू नका. प्यायलेलं पाणी शोषलं जायला वेळ लागतो, पण तोंड आणि घसा मेंदूला "पाणी आलं" ही खबर काही मिनिटांतच देतात. एक पेला सावकाश प्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग हवं तर दुसरा. जेवायला बसण्याआधी पेलाभर पाणी घेतलं आणि गोड जेवणाबरोबर, थोडं, चावून खाल्लं तर तहान कमी लागते, असा माझ्या रुग्णांचा अनुभव आहे. "गोडावर पाणी प्यायलं की खोकला होतो" असं घरी सांगतात. गोड चिकटून घसा आधीच खरखरत असतो, त्यामुळे गार पाण्याने काहींना ठसका लागतो. कोमट पाणी घ्या, एवढंच.

मिठाईच्या दुकानातली शुगर-फ्री बर्फी हा तहानेवरचा उपाय नव्हे. तिच्यात बऱ्याचदा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं. ते आतड्यात नीट शोषलं जात नाही, तिथेच राहून पाणी ओढतं, आणि चार-पाच तुकडे खाल्ले तर पोट वाजतं, जुलाबही होतात. खव्याचा कोरडेपणा आणि तूप तर तिथेही असतंच.

एकाच गटाला मी "तहान लागली की प्या" असं सांगत नाही: हृदय कमजोर असल्यामुळे किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं आहे. डायलिसिसवरच्या माणसाने सणाचं जेवण जेवलं, तर गोड आणि मीठ मिळून त्याला अनावर तहान लागते आणि रात्रीतून दम लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तुमच्या वडिलांना मधुमेह आहे म्हणून हे मुद्दाम लिहितोय. जुन्या मधुमेहात किडनीवर परिणाम झालेला असू शकतो आणि बराच काळ तो जाणवत नाही. तुमच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या. त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षभरात पाहिलेलं नसेल तर त्याच दिवशी करून घ्या.